हर्नियाच्या ऑपरेशननंतर अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्याच नाहीत. जखम पिकेल का?

मी भूलतज्ज्ञ आहे. तुम्ही ज्याला 'फक्त एक इंजेक्शन' म्हणताय, ते बहुतेक वेळा माझ्याच हातून जातं.

वडिलांच्या हर्नियाला जाळी बसवली, आधी सलाईनमधून एक इंजेक्शन दिलं आणि घरी सोडताना फक्त दुखण्याच्या गोळ्या दिल्या. शेजारच्या काकांना मात्र अपेंडिक्सनंतर सात दिवस अँटिबायोटिक होतं, म्हणून डॉक्टर विसरले असं तुम्हाला वाटतंय. विसरले नसावेत.

टाक्यांत पू करणारे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच कातडीवरचे असतात. कातडी कितीही पुसली तरी केसांच्या मुळाशी थोडे उरतातच, आणि छेद घेतला की आत उतरतात. ते आत शिरतील तेव्हा औषध तिथे आधीच पोचलेलं हवं. १९६१ साली जॉन बर्क या सर्जनने गिनीपिगांवर हे दाखवलं. जंतू टोचण्याआधी किंवा टोचताना पेनिसिलिन दिलं तर फायदा झाला, तीन तास उशीर केला तर दिलं काय नि न दिलं काय, सारखंच. म्हणून सेफाझोलिनसारखं अँटिबायोटिकचं इंजेक्शन छेदाआधीच्या तासाभरात देतात. ऑपरेशन चार तासांच्या पुढे गेलं किंवा रक्तस्राव फार झाला तर पुन्हा एक डोस.

वेळ चुकली की काय होतं, तेही पाहिलंय. नवीन असताना मी एका ठिकाणी जायचे. तिथे वॉर्डात सकाळी सहालाच सगळ्यांना इंजेक्शन टोचून मोकळे व्हायचे. शेवटच्या रुग्णाचा नंबर दुपारी लागायचा, तोवर औषध लघवीतून निघून गेलेलं. फाईलवर मात्र बरोबरची खूण! तेव्हापासून मी रुग्णाला टेबलावर घेतल्यावर इंजेक्शन स्वतःच देते.

टाके घातल्यावर गोळ्या चालू ठेवून जखमेचा फायदा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय की ऑपरेशन संपल्यावर केवळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक लांबवू नका. जुलाब, अंगावर पुरळ आणि औषधाला न जुमानणारे जंतू, एवढंच पदरात पडतं. तरी आपल्याकडे 'असू द्या पाच दिवस' म्हणून लिहून देणारे आहेत. खरं सांगायचं तर रुग्णाच्या नातेवाइकांनाही गोळ्यांशिवाय चैन पडत नाही.

काकांचं अपेंडिक्स कदाचित फुटलेलं असेल. पोटात पू असेल तर गोळ्या हा उपचार झाला, तिथे त्या पूर्ण घ्याव्याच लागतात. त्यांच्या उरलेल्या गोळ्या मात्र वडिलांना देऊ नका.

टाक्यांखाली थोडा कडकपणा, पहिले काही दिवस ठणका, हे चालतं. लाली पसरत गेली, कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, पू किंवा घाण वासाचं पाणी आलं, ताप चढला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. जाळी असल्याने महिनाभरानंतर त्रास झाला तरी दाखवाच. मधुमेह असेल तर साखर तपासत राहा. टाक्यांवर हळद लावू नका.

डिस्चार्ज कार्ड हाताशी असेल तर त्यावर कोणतं इंजेक्शन लिहिलंय ते कळवा, म्हणजे आणखी सांगता येईल.