वाचकांचे प्रश्न : केपची काटेरी कोरफड

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतील ‘अ‍ॅलो फेरॉक्स’ ही रानटी कोरफड कशी असते आणि तिचा उपयोग काय?

उत्तर : आपल्या परिचयाची कोरफड जमिनीलगत वाढते, तर हिला एकच सरळ खोड असून ती साधारणपणे दोन ते तीन मीटर उंच होते. वाळलेली पाने गळून न पडता खोडाभोवती झालरीसारखी लोंबत राहतात. जाड पानांच्या कडांना, आणि कोवळ्या रोपांत पानांच्या पृष्ठभागावरही, तांबूस-तपकिरी काटे असतात. ‘फेरॉक्स’ म्हणजे उग्र, हे नाव त्यावरूनच पडले. तेथील हिवाळ्यात तिला केशरी-लाल फुलांचे तुरे येतात. पश्चिम व पूर्व केप प्रांतांतील खडकाळ उतारांवर ती विपुल आढळते.

पानाच्या सालीखालचा पिवळा, कडू चीक हे तिचे खरे धन होय. जमिनीत उथळ खळगा करून, त्यावर प्लास्टिक अंथरून, कापलेली पाने चिरलेली बाजू आत राहील अशी वर्तुळाकार रचतात आणि निथळलेला चीक आटवून त्याचे काळपट खडे करतात. हा एक प्रकारचा काळा बोळच (कोरफडीचा वाळवलेला औषधी चीक) असून तो तीव्र रेचक आहे. गर्भवतींनी तो कटाक्षाने टाळावा. आतला पांढरा गर मात्र सौंदर्यप्रसाधनांत वापरतात.