लोणचं, रंगाची बादली आणि ‘बीपीए फ्री’

प्रश्न : उन्हाळ्यात मी घरी कैरीचं लोणचं घालून विकते. फोडी मुरवायला रंगाची रिकामी झालेली मोठी पांढरी बादली साबणाने स्वच्छ धुऊन वापरते. विक्रीच्या पारदर्शक बाटल्यांवर ‘बीपीए फ्री’ असं छापलेलं आहे. जाऊबाई म्हणतात, प्लास्टिक म्हणजे विषच, सगळं फेकून काचेच्या बरण्या आण. खरंच फेकू का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, सगळं फेकू नका. पण रंगाची बादली आजच स्वयंपाकघरातून बाहेर काढा, आणि त्यात लोणचं मुरत असेल तर ते विकू नका, घरातही खाऊ नका. वाईट वाटेल, तेल-मसाल्याचा खर्च मला माहीत आहे, तरीही.

काचेच्या भिंतीत काही शिरत नाही, प्लास्टिकच्या भिंतीत शिरतं. रंगातली द्रावकं आणि बुरशीनाशकं बादलीच्या भिंतीत शिरलेली असतात. साबणाने वरचा थर जातो, आतलं राहतं. पुढे लोणच्याचं तेल महिनोन्महिने त्याच भिंतीला लागून बसतं आणि आतलं बाहेर ओढतं. शिवाय ती बादली अन्नासाठी बनलेलीच नाही. अन्नाच्या डब्यात कोणतं रंगद्रव्य चालेल याची भारतीय मानकात यादी आहे, आणि डब्यातून अन्नात एकूण किती उतरावं यालाही मर्यादा आहे : किलोमागे ६० मिलिग्रॅम. रंगाच्या बादलीला यातलं काहीच लागू नसतं. एमआयडीसीच्या भंगारातून येणाऱ्या निळ्या ड्रमांचंही तेच. आपल्याकडे कितीतरी घरांत त्यात पाणी भरतात, ते पाहून माझा जीव खालीवर होतो.

काही प्लास्टिकमध्ये तर सुटणारं रसायन बनवतानाच घातलेलं असतं. मी सातपूरला पीव्हीसीचं, म्हणजे पाइप आणि नळ्यांच्या प्लास्टिकचं, मिश्रण बनवायच्या खात्यात काम केलं आहे. नुसती पीव्हीसी म्हणजे मैद्यासारखी पांढरी भुकटी. तशीच तापवली तर ती करपते आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते, म्हणून स्टॅबिलायझर घालावा लागतो. मऊ नळी हवी असेल तर तेलासारखं प्लास्टिसायझर ओततात, कधी वजनाच्या ३० ते ४० टक्के. गरम मिक्सरमध्ये भुकटी ते पिऊन टाकते, पण दोघांची रासायनिक गाठ बसत नाही. म्हणून उष्णता मिळाली की, तेल-तूप लागलं की ते हळूहळू सुटतं. प्लास्टिसायझरपैकी थॅलेट गटातली काही रसायनं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात.

आता तुमच्या बाटल्या आणि त्यांच्यावरचं ‘बीपीए फ्री’, म्हणजे बिस्फेनॉल ए हे रसायन नसलेलं. बाटल्यांच्या तळाशी त्रिकोणात १ आकडा असेल तर त्या ‘पेट’ (पीईटी) नावाच्या प्लास्टिकच्या आहेत, आणि पेट बनवायला बीपीए लागतच नाही. त्यामुळे त्या छापाने तुमची बाटली काही जास्त सुरक्षित झालेली नाही. बीपीए लागतं पॉलिकार्बोनेटला, म्हणजे पाण्याच्या २० लिटरच्या कडक, पारदर्शक जारपैकी बऱ्याच जारना. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा २०,००० पटींनी खाली आणली. तेव्हा असे जार टेम्पोत उन्हात तापलेले दिसले तर घेऊ नका.

पेटच्या नव्या बाटल्यांत मुरलेलं, थंड झालेलं लोणचं भरायला हरकत नाही. फोडणीचं तेल गरम असताना मात्र ओतू नका, आणि गिऱ्हाइकाने परत आणलेली बाटली पुन्हा भरू नका. डाळ-तांदळाचे घरातले जाड डबे खुशाल राहू द्या, कोरड्या धान्यात फारसं काही उतरत नाही.

जाऊबाईंना एक सांगा. काचेच्या बरणीच्या पत्र्याच्या झाकणात आतून जी मऊ चकती असते, ती बहुतेकदा प्लास्टिसायझर घातलेल्या पीव्हीसीचीच असते. म्हणून बरणी गळ्यापर्यंत भरू नका, आडवी ठेवू नका. तेल झाकणाला लागता कामा नये. मुरवायला चिनी मातीची बरणी घ्या. जुनी असेल तर आतला झिलईचा थर तडकलेला नाही ना, तेवढं उजेडात नीट बघून घ्या.