लाल गोलातलं अक्षर

प्रिय बाय,

गोव्यातल्या चर्चच्या शाळेत शिकवायला लागून तुला पहिलाच आठवडा झाला, आणि शनिवारी फोनवर तुझा आवाज अगदी पडलेला होता. "आठवडा फुकट गेला टीचर, नियोजनातल्या सहा पानांपैकी दोनच झाली," म्हणालीस. तेव्हा मी फारसं बोलले नाही. फोनवर दिलेला धीर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. पण रात्री तू दुसरीच्या एका मुलाच्या वहीचा फोटो पाठवलास आणि मला पत्र लिहायलाच बसावं लागलं.

तो फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. 'शिप' हा इंग्रजी शब्द तू सांगितलास आणि त्यानं सुरुवातीला एस-एचच्या जागी एक्स लिहिला. पुढे आय आणि पी अगदी बरोबर. तू त्या एक्सभोवती लाल गोल केलास आणि समासात लिहिलंस, 'लक्ष नाही'.

बाय, त्याचं लक्ष होतं. शाळा सुटताना त्याला न्यायला आजी येते असं तूच सांगितलंस ना? तिला विचार, संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाल्यावर ती कुठलं पुस्तक वाचते. बहुतेक ते रोमी, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेल्या, कोंकणीतलं प्रार्थनेचं पुस्तक निघेल. रोमी कोंकणीत 'श' लिहायला एक्सच वापरतात, ती पोर्तुगीज लेखनाची रीत. शांती एक्सनं, शाळा एक्सनं, शीतसुद्धा एक्सनं. आजीच्या मांडीवर बसून ज्यानं तिच्या बोटाखालची अक्षरं पाहिली, त्यानं तुझ्या तोंडून 'श' ऐकला आणि माहीत असलेलं अक्षर लिहिलं. कुणी न शिकवता नियम ओळखायचा आणि तो नव्या शब्दाला लावून पाहायचा, यालाच तर आपण शिकणं म्हणतो. तुझ्या पहिल्या आठवड्यात ते घडलं, आणि तू त्यावर लाल गोल केलास.

रागावून लिहीत नाही. माझ्या हातून याहून वाईट झालंय.

तेव्हा मी तुझ्याएवढीच होते. माध्यम कोंकणी होतं. वर्गात पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, मुलगा होता. मी 'पंचवीस' म्हटलं की तो ५२ लिहायचा, 'त्रेचाळीस' म्हटलं की ३४. 'एकोणतीस' म्हटलं तर चक्क ३९. मी त्याला प्रत्येक आकडा पन्नास वेळा लिहायला लावला. तो मुकाट्यानं लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ५२. असं दोन आठवडे चाललं. मग एका पहाटे दारात पाववाल्याचा पोंपों भोंगा वाजला. बाप सायकलवर, टोपलीवर निळं प्लास्टिक, आणि मागच्या कॅरियरवर हा. मी उंडे घेतले, चार पोयी घेतल्या (दोन्ही आपले गोंयचे पाव), नोट दिली. बाप खिसा चाचपतोय तोवर पोरानं उरलेले पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. एक पैसा इकडेतिकडे नाही. मग माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली, कारण समोर टीचर होती.

त्या दिवशी शाळेच्या वाटेवर मी 'पंचवीस' हा शब्द तोंडात घोळवला. पंच आधी, वीस मागून. त्यानं जसं ऐकलं तसं लिहिलं होतं. आपल्या भाषेत सुटे आधी बोलतात आणि दशक मागून, आकडा लिहिताना मात्र दशक आधी. एकोणतिसात तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात विसातले. इतकी वर्षं ते आकडे म्हणत होते, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नारळाच्या झाडूचे हीर मोडून आणले, दहा-दहाच्या जुड्या रबरानं बांधल्या. पंचवीस म्हटलं की आधी दोन जुड्या बाकावर, मग पाच सुटे, आणि मगच पेन्सिल. चार दिवसांत त्याला जमलं. पण हात वर करायला त्याला दिवाळीपर्यंत वेळ लागला. ते पन्नास-पन्नास वेळा लिहिणं माझ्यामुळे होतं. तुझा फोटो पाहून मला तीच वही आठवली.

तुझ्या वर्गात तर हे आणखी गुंतागुंतीचं. घरी कोंकणी, काहींच्या घरी मराठी, बांधकामावरच्या आईबापांच्या मुलांकडे कन्नड, आणि फळ्यावर इंग्रजी. १९९० नंतर प्राथमिकचं अनुदान मातृभाषेलाच म्हणून चर्चच्या शाळा कोंकणीकडे वळल्या. २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान मिळालं आणि बऱ्याचशा पुन्हा इंग्रजीकडे आल्या. त्या वादात मी शिरत नाही. मी दोन्ही काळ वर्गात उभी राहून काढलेत. फळ्यावरची भाषा बदलली, मधल्या सुट्टीतली तीच राहिली. तू मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसू नकोस, व्हरांड्यात उभी राहा. कोण कुठल्या भाषेत भांडतो, कोण कुठल्या भाषेत मोजतो, एवढंच ऐक.

आपल्या भूमीत हे नवं नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, दक्षिणेकडच्या साष्टीत राहिला, इथल्या लोकांची भाषा शिकला. १६१६ मध्ये राशोलला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या, मराठीत, अधूनमधून कोंकणी शब्द, आणि लिपी रोमन. आधी तो शिकला, मग त्यानं शिकवलं. आणि याच भूमीत १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. ते काम पाद्रींवर आणि शिक्षकांवर टाकलं. त्या आजीच्या हातातलं पुस्तक बघ, म्हणजे हुकमाचं पुढे काय झालं ते कळेल. मला स्टीफन्सच्या बाजूचं शिक्षक व्हायचं होतं. पहिली काही वर्षं मी दुसऱ्या बाजूची होते.

आता प्रार्थनेचं. आपल्या घरी तुळशीपुढे दिवा लागतो, मग असेंब्लीत काय करायचं, असं तू चाचरत विचारलंस. सरळ उभी राहा, हात जोड, आणि मुलं 'नमान मारिये' ही मरियेची प्रार्थना म्हणतील तेव्हा मन लावून ऐक. खुरीस काढायचं, म्हणजे कपाळा-छातीवर क्रुसाची खूण करायचं, नाटक करू नकोस. मुलांना लगेच कळतं आणि त्यांना ते आवडत नाही. धार्मिक शिक्षणाला बसायची सक्ती नाही, लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते, हे संविधानाच्या कलम २८(३) मध्येच आहे. म्हणून तर ख्रिस्ती मुलं दोतोर्नला, म्हणजे धर्मशिक्षणाला, जातात तेव्हा बाकीची मूल्यशिक्षणाला येतात. तो तास तुला मिळालाय. त्याला उरलेल्या मुलांचा तास समजू नकोस. मी त्या तासाला मुलांना एकच विचारायची: या आठवड्यात कुणी तुमच्यासाठी काय केलं? चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधायला शेजारच्या काकानं शिडी धरली, मोंती फेस्ताला, म्हणजे मरियेच्या जन्माच्या सणाला, फुलं कमी पडली तेव्हा आपल्या परसातली अबोली दिली, अशा गोष्टी निघायच्या. कुणाची गोष्ट कुठल्या घरची ते पोरांना सांगावं लागत नसे.

बाराच्या घंटेचा तुला त्रास होतो ना? गणित ऐन रंगात येतं, इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, घंटा वाजते आणि सगळी पोरं प्रार्थनेला उठून उभी. मीही सुरुवातीला चिडायची. मग पावणेबारालाच अवघड भाग संपवायला लागले. प्रार्थना संपून पोरं खाली बसतात तेव्हा क्षणभर वर्ग इतका शांत असतो की बाहेरच्या पागोळ्या ऐकू येतात. त्या शांततेत मी गोष्ट सुरू करायची.

शुक्रवारी दोन मुली गैरहजर, असं तू हजेरीपटाखाली रेघ मारून लिहिलंस. शुक्रवार म्हापशाच्या बाजाराचा. आई तिथं बसते का ते विचार. एरवी त्यांना शाळेत यायला लावच, त्यात ढिलाई नको. पण सोमवारी भागाकाराला त्यांना पुढे बोलाव: चोवीस बांगडे, सहा-सहाचे वांटे, वांटे किती? माझ्या वर्गातल्या एकीनं चार तर लगेच सांगितले, आणि पुढे म्हणाली, प्रत्येकात एक मोठा घाला टीचर, नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्या वांट्याकडे बोट दाखवतं. पुस्तकात हे नव्हतं. मी ते फळ्यावर लिहून ठेवलं.

राहिलेल्या चार पानांची काळजी सोड. ती ऑगस्टपर्यंत भरून निघतात. एक साधी वही कर. रोज एकाच मुलाचं एकच चुकलेलं उत्तर लिही आणि खाली लिही, त्याला हे कशावरून वाटलं असेल. कारण सापडेपर्यंत लाल पेन उचलू नकोस.

सोमवारी सगळ्यात आधी त्या मुलाला फळ्यापाशी ने. एका बाजूला आजीच्या पुस्तकातली 'शांती' त्याच्याकडून लिहून घे, दुसऱ्या बाजूला तुझं 'शिप' तू लिही. आजीच्या पुस्तकात असं, इंग्रजीत तसं, एवढंच सांग. समासातलं 'लक्ष नाही' त्याच्यादेखत खोड.

शनिवारी शाळा सुटली की इकडे ये. भात लावून ठेवते. वही आण, आणि आजी काय म्हणाली ते दारातच सांग, मला तोवर दम निघणार नाही.

तुझी,
टीचर