रोजचे ‘दोनच पेग’: आधी बाटली मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, रोज रात्री जेवणाआधी ‘दोनच पेग’ व्हिस्की. ‘थोडी घेतलेली हृदयाला चांगली’ हे त्यांचं म्हणणं. ते खरं का, व्हिस्कीऐवजी रेड वाइन चालेल का, आणि सोडायची तर एकदम सोडावी का?

फायद्या-तोट्याच्या आधी ‘दोन पेग’ म्हणजे किती ते ठरवू, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. मोठा पेग ६० मिलीचा. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, म्हणजे पेगमध्ये साधारण २५.७ मिली अल्कोहोल. एक मिली अल्कोहोल ०.७९ ग्रॅम भरतं, म्हणून एका पेगात २० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं एक ‘ड्रिंक’ १० ग्रॅमचं. ‘रोज एक-दोन ड्रिंक’ असं बातमीत वाचून आपण एक-दोन पेग समजतो आणि हिशेब जागच्या जागी दुप्पट होतो. ‘मी फक्त बिअरच घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ४१ ग्रॅम, म्हणजे बरोबर दोन पेग.

घरात मापाने कोणी ओतत नाही, म्हणून बाटली मोजा. ७५० मिलीच्या खंब्यात साडेबारा पेग बसतात. रोज खरोखर दोनच होत असतील तर खंबा सव्वासहा दिवस पुरला पाहिजे. चार दिवसांत संपत असेल तर रोजची १८७ मिली झाली, म्हणजे क्वार्टरपेक्षा (१८० मिली) जास्त, ६३ ग्रॅम अल्कोहोल. बाटली उघडली की लेबलवर पेनने तारीख टाका, बस. त्यांचा नेहमीचा ग्लास घ्या आणि औषधाच्या मापाने त्यात ६० मिली पाणी ओतून बघा. रुंद बुडाच्या ग्लासात ते इतकं कमी दिसतं की हात आपोआप पुढे जातो. भांडणापेक्षा हे पाणी जास्त समजावतं.

आता हृदय. ही समजूत हवेतून आलेली नाही. बऱ्याच जुन्या पाहण्यांत थोडी पिणाऱ्यांना न पिणाऱ्यांपेक्षा हृदयविकार कमी दिसला होता. गोम होती ‘न पिणारे’ कोण यात. आजारपणामुळे सोडलेले, डॉक्टरांनी बंद केलेले लोकही त्याच खान्यात. त्यांच्याशी तुलना केली की थोडी पिणारा धडधाकट दिसणारच. शिवाय तो बहुधा खाऊनपिऊन सुखी, फिरायला जाणारा, वेळेवर तपासण्या करणारा असतो.

चीनमध्ये हे वेगळ्या वाटेने तपासलं गेलं. तिथे बऱ्याच जणांत असे जनुकीय फरक असतात की दारू घेतली की चेहरा लाल होतो, मळमळतं, म्हणून ते कमी पितात. ते जनुक जन्मतःच ठरलेलं. श्रीमंती, व्यायाम, आजारपण यांचा त्याच्याशी संबंध नाही. सुमारे ५ लाख लोकांची ही पाहणी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. लोकांनी स्वतः सांगितलेल्या पिण्यावरून बघितलं तर थोडी पिणाऱ्यांना पक्षाघात कमी वाटत होता. जनुकावरून बघितलं तर तो फायदा गायब, जितकी जास्त तितका धोका जास्त. ‘चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं’ हे मात्र खरं आहे, एचडीएल वाढतं. पण नुसतं एचडीएल वाढवणारी औषधं देऊनही हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, तेव्हा त्या आकड्यावर फार विसंबू नका.

बीपीचं उत्तर तर सरळ आहे: दारू बीपी वाढवते. रोज सहापेक्षा जास्त ड्रिंक घेणाऱ्यांनी पिणं निम्म्यावर आणलं तर वरचं बीपी सरासरी साडेपाचाने उतरल्याचं दिसलं आहे. वडिलांच्या गोळीचा डोस वाढवायची वेळ आली असेल तर डॉक्टरांना बाटलीचा खरा हिशेब सांगा. ‘कधीतरी घेतो’ सांगितलं की डॉक्टर चुकीच्या दिशेने औषध शोधत बसतात.

रेड वाइनमधलं ज्याचं कौतुक होतं ते रेस्व्हेराट्रॉल (द्राक्षांच्या सालीतलं द्रव्य) लिटरमागे मोजके मिलीग्रॅम. प्रयोगांत देतात ते शेकडो मिलीग्रॅम. तेवढ्यासाठी वाइन प्यायची तर आधी यकृत जाईल. नाशिकची असो की फ्रान्सची, १५० मिलीच्या ग्लासात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल. दोन पेगऐवजी खरोखर एकच ग्लास झाला तर फायदा, पण तो द्राक्षांचा नव्हे, कमी झालेल्या २५ ग्रॅमचा.

मला हृदयापेक्षा कॅन्सरची बाजू जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही. अल्कोहोलचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड होतं, ते डीएनएला इजा करतं. तोंडातले जंतूसुद्धा ते थेट लाळेत तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच दारूला तंबाखूच्या पंगतीत, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात बसवलं: तेव्हा तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत; मोठं आतडं आणि स्तन यांची भर नंतर पडली. वडील तंबाखू किंवा गुटखा खात असतील तर तोंडाच्या कॅन्सरचा धोका नुसती बेरीज होऊन वाढत नाही, गुणाकारासारखा वाढतो. अमुक इतकी सुरक्षित, अशी मर्यादा नाही हे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. (आपल्याकडची गंमत म्हणजे १९४९ च्या दारूबंदी कायद्यात ‘आरोग्य राखण्यासाठी’ दारूचा परवाना द्यायची तरतूद आहे. परमिट रूममधलं ‘परमिट’ ते हेच, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन नव्हे.)

शुगरची गोळी असेल, विशेषतः ग्लिमेपिराइड, किंवा इन्सुलिन, तर उपाशीपोटी पिणं टाळाच. यकृत दारू निपटण्यात गुंततं, साखर सोडणं मंदावतं आणि पहाटे साखर धोकादायक उतरते. घाम, थरथर, बरळणं याला घरचे ‘चढली आहे’ समजतात आणि झोपू देतात.

तपासणीत यकृताच्या चाचण्यांबरोबर जीजीटी (यकृताचं एक एन्झाइम), सीबीसी या रक्ततपासणीतला एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. यकृताच्या चाचण्यांतल्या दोन एन्झाइमांपैकी एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर संशय दारूवरच. रिपोर्ट नॉर्मल आला तरी सुटलो म्हणू नका, यकृत बराच काळ बोलत नाही. नुसती चरबी असेल तर पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत ओसरते. सिरॉसिसचे (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) व्रण मात्र सहसा तसे भरून येत नाहीत.

शेवटचा मुद्दा नीट वाचा. खरंच दोन पेग असतील आणि सकाळी हात थरथरत नसतील तर बंद करायला सहसा अडचण येत नाही. चार-पाच रात्री झोप उडते एवढंच. पण हिशेब क्वार्टरच्या पुढे गेला, किंवा सकाळी थरथर, घाम, एक घोट घेतल्यावरच बरं वाटणं असं काही असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत आकडी (फिट) येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, असंबद्ध बोलणं, ताप. यात माणूस दगावतो. डॉक्टर काही दिवस गोळ्या देऊन त्या कमी करत आणतात, सोबत थायमिन (बी-१ जीवनसत्त्व). आणि अशक्तपणा म्हणून कुठे सलाइन लावायला नेलंत तर रोज पितात हे आधी सांगा: थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, डोळे विचित्र फिरणं, गोंधळणं दिसलं तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या.