आबांच्या ट्रंकेतलं पिस्तूल आणि सेना मेडल

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर काढून ते थोडक्यात देते.

«माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर होते, सेना मेडल मिळालं आहे. आई गेल्यापासून गावी एकटेच राहतात. तीन आठवड्यांपूर्वी रंग द्यायला घर रिकामं केलं तेव्हा मी त्यांची काळी लोखंडी ट्रंक उघडली. तळाशी मफलरीत गुंडाळलेलं एक पिस्तूल आणि तंबाखूच्या डबीत सहा गोळ्या निघाल्या. विचारल्यावर म्हणाले, शत्रूच्या अधिकाऱ्याचं आहे, लढाईच्या मोर्चात मिळालं, ते माझ्या कमाईचं आहे. लायसन अर्थातच नाही. भाऊ म्हणतो, रात्री कृष्णेत टाकून येतो, विषय संपला. भाचा म्हणतो, इंग्लंडमध्ये एका कमांडोकडे असंच पिस्तूल सापडलं होतं, त्याला सोडलं, मग आबांना कोण हात लावणार? ताई, माझ्या वडिलांना तुरुंगात जावं लागेल का? ज्याने देशासाठी छातीवर गोळ्या झेलल्या त्याला कायदा एवढीही सवलत देणार नाही का?»

ताई, नमस्कार. बाकी सगळं नंतर, आधी एक. भावाला आजच फोन करा आणि नदीचं डोक्यातून काढून टाकायला सांगा. आज तुमच्या घरात विनापरवाना शस्त्राचा प्रश्न आहे. ते नदीत गेलं की त्याच्या जोडीला पुरावा नष्ट केल्याचा प्रश्न उभा राहील, भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ चा, आणि त्यात भाऊही येईल. पाणी ओसरल्यावर ते कुणा पोराच्या हाती लागलं तर काय, याचाही विचार त्याने करावा. शेतात सापडलं, विहिरीचा गाळ काढताना निघालं, अशी गोष्टही रचू नका. खोटी गोष्ट दुसऱ्या प्रश्नाला उघडी पडते, आणि आबांची जी बाजू खरोखर मजबूत आहे तीही सोबत घेऊन बुडते.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. आजी सैनिकाने कर्तव्यावर सरकारी शस्त्र बाळगणं वेगळं, ती सूट कलम ४५ मध्ये आहे. निवृत्त सैनिकाला ती सूट नाही, आणि कुठल्याही पदकाने ती मिळत नाही. ‘पण हे १९७१ पासून पडून आहे’ हा बचावही चालत नाही. शस्त्राचा ताबा रोज चालू असतो, म्हणून गुन्हाही रोज चालू असतो. त्यामुळे शिक्षा मोजायची ती आजच्या कायद्याने. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या विनापरवाना अग्निशस्त्रासाठी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. पूर्वी ती एक ते तीन वर्षं होती. नळीच्या व्यासावरून शस्त्र ‘प्रतिबंधित’ प्रकारात मोडलं तर कलम ७ लागतं आणि शिक्षा सात ते चौदा वर्षांवर जाते. म्हणून आबांच्या प्रकरणात पदकापेक्षा आधी नळीचा व्यास बघावा लागेल. ते शस्त्र नेमकं कोणतं, कोणत्या बोअरचं, म्हणजे किती व्यासाच्या नळीचं, हे तज्ज्ञ ठरवतील. ते गंजून इतकं निकामी झालं असेल की दुरुस्त करूनही चालणार नाही, तर कलम ४५ मध्ये अशा शस्त्रांना वगळलेलं आहे, आणि तो फार मोठा आधार ठरेल. पण तेही तज्ज्ञच सांगणार. भावाने खटका ओढून पाहू नये. कानशीने घासू नये, त्यावरच्या आकड्यांना हात लावू नये.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण सांगणं भाग आहे. हा प्रश्न आता एकट्या आबांचा राहिलेला नाही. कायदा विचारतो की ताबा जाणीवपूर्वक होता का. वस्तू प्रत्यक्ष हातात असायलाच हवी असं नाही, ती आपल्या नियंत्रणात आहे आणि आपल्याला ठाऊक आहे एवढं पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच गुणवंतलाल खटल्यात सांगितलं आहे. तुम्ही ट्रंक उघडलीत त्या दिवसापर्यंत तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि त्याला तीन आठवडे होऊन गेले. म्हणून दिवस घालवू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, सवलतीचा. या जिल्ह्यातल्या माणसाला तो विचारावासा वाटणारच. अपशिंगेसारखी गावं आपल्याकडे आहेत, घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणूस पलटणीत जातो. मी स्वतः अशाच गावची आहे आणि आबांसारखी माणसं पाहत वाढले आहे. तरीही माझं स्पष्ट मत सांगते. गुन्हा घडला की नाही, हे ठरवताना पदक बघू नये. शिक्षा किती द्यायची, हे ठरवताना मात्र ते जरूर बघावं, आणि मोकळ्या मनाने बघावं.

पहिला भाग कठोर वाटेल. पण सरकारी वकील काय म्हणतील ते ऐका. आबांनी पलटणीत असताना रोज कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, रायफल सही करून घेतली आणि सही करून परत दिली. एक काडतूस कमी भरलं तर सगळी पलटण शोधायला लागायची, हे त्यांनीच तुम्हाला लहानपणी सांगितलं असेल. शस्त्राचा हिशेब सैनिकाइतका कुणालाच कळत नाही. युद्धात शत्रूकडून घेतलेलं शस्त्र घेणाऱ्याचं होत नाही, सरकारजमा होतं. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरण येताना पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी आपल्या जनरल अरोरांकडे जे रिव्हॉल्वर दिलं, ते आज डेहराडूनच्या भारतीय लष्करी अकादमीच्या (आयएमए) संग्रहालयात आहे. ते कुणा जनरलच्या घरच्या कपाटात गेलं नाही. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि आबांकडेही नसेल. शिवाय शस्त्र ट्रंकेतून बाहेर पडायला वेळ लागत नाही. राजस्थानातल्या श्रीगंगानगर भागात लष्करी अधिकाऱ्यांनी सवलतीत घेतलेली शस्त्रं बाहेर विकल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. आबा विकणाऱ्यांतले नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, मी मानते. पण तुमच्या घरी चोरी झाली असती तर?

दुसऱ्या भागात आबांची बाजू भक्कम आहे. विनापरवाना अग्निशस्त्राच्या गुन्ह्यात न्यायालय ‘पुरेशी आणि विशेष कारणं’ निकालपत्रात नोंदवून किमान मुदतीपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. वय, निष्कलंक सेवा, शौर्यासाठी मिळालेलं पदक, पन्नास वर्षांत त्या शस्त्राने कुणाला धमकावलंही नाही ही वस्तुस्थिती, आणि सर्वांत वजनदार म्हणजे ते स्वतःहून पुढे आले ही गोष्ट. ही कारणं विशेष नसतील तर कोणती असतील? फक्त लक्षात ठेवा, पोलिसांनी छाप्यात जप्त केलं तर यातलं शेवटचं कारण गेलं, आणि मग उरलेल्यांचंही वजन निम्मं होतं.

त्याच्याही आधी एक दार आहे. ते वकीलसुद्धा कधी कधी विसरतात. कलम ३ च्या गुन्ह्यासाठी खटला भरायचा तर कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ही मंजुरी म्हणजे नुसता शिक्का नव्हे, कागद पाहून विचार करून द्यायची असते. आबांची सेवापुस्तिका, पदकाचं प्रशस्तिपत्र, वैद्यकीय कागद हे सगळं तिथे मांडता येतं. मात्र कलम ३९ मध्ये उल्लेख फक्त कलम ३ चा आहे. शस्त्र प्रतिबंधित निघालं तर हे दार नाही. म्हणूनच बोअरचा मुद्दा मी एवढा लावून धरला.

भाच्याच्या कमांडोबद्दल. तो डॅनी नाइटिंगेल, ब्रिटनच्या एसएएस या कमांडो दलातला सार्जंट. त्याच्याकडे ग्लॉक पिस्तूल आणि तीनशेहून अधिक काडतुसं सापडली. गुन्हा कबूल केल्यावर २०१२ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला अठरा महिन्यांची कैद दिली. देशभर ओरड झाली, अपील न्यायालयाने ती बारा महिने करून स्थगित ठेवली आणि तो घरी आला. भाच्याने बहुधा इथपर्यंतच वाचलं असेल. पुढे कबुली दबावाखाली दिली या मुद्द्यावर दोषसिद्धी रद्द झाली, २०१३ मध्ये फेरखटला झाला, तो पुन्हा दोषी ठरला आणि त्याला दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. म्हणजे तुरुंग टळला हे खरं, पण निर्दोष कुणी म्हटलं नाही.

आपल्याकडचे लोक नानावटींचं उदाहरण देतात. नौदलाचे कमांडर, १९५९ मध्ये जहाजावरून रिव्हॉल्वर घेऊन गेले आणि खून केला. जनता त्यांच्या बाजूने होती, ज्यूरीनेही निर्दोष म्हटलं. तरी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली ती १९६४ मध्ये. माफी आली, पण कायद्याचा सगळा फेरा पुरा झाल्यावर. आबांना त्या फेऱ्यातून नेण्याची वेळ येऊ नये हीच तर आपली धडपड आहे. संजय दत्तच्या वेळी वडिलांची देशसेवा, घराण्याचं नाव, सगळं बोललं गेलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांची पाच केली, आणि प्रतिबंधित शस्त्राला त्या वेळी पाच हीच किमान शिक्षा होती. गुन्ह्याचं गांभीर्य पाहून प्रोबेशन, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका, नाकारलं. ते प्रकरण फार वेगळं, बॉम्बस्फोटांच्या छायेतलं. आबांची तुलना मी त्याच्याशी करत नाही. पण ‘नाव मोठं आहे, सोडतील’ या भरवशावर कुणी राहू नये.

मी वकिली करते. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक माजी सैनिक अशील म्हणून आले होते. सिक्युरिटीची नोकरी करायचे. बारा बोअरच्या बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण राहून गेलं होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात ते सावधान उभे राहिले. न्यायाधीशांनी वय बघून खुर्ची देऊ केली, तर ‘नको साहेब, चूक माझी आहे’ म्हणाले. मी बाजूला उभी होते, पुढचं वाक्य मला पटकन सुचलं नाही. त्या माणसाला दया मागायला लावताना मलाच त्रास होत होता. म्हणून आबांच्या मनात काय चाललं असेल याची मला थोडी कल्पना आहे. त्यांना ‘तुम्ही गुन्हेगार ठराल’ असं सांगू नका, ते हट्टाला पेटतील. त्यांना विचारा, तुमच्यामागे हे पिस्तूल कुणाकडे जावं? बेळगावला रेजिमेंटच्या सेंटरमध्ये संग्रहालय आहे. प्रकरण निकाली निघाल्यावर ते शस्त्र तिथे द्यावं, अशी लेखी विनंती करता येते. निर्णय सरकारचा असेल, पण विनंती जरूर करावी. मला वाटतं, हे ऐकून ते नरमतील.

आता करायचं काय. ट्रंक आहे तिथेच ठेवा, कुलूप लावा, त्या खोलीत मुलांना जाऊ देऊ नका. पन्नास वर्षांच्या गोळ्या आहेत, हाताळू नका. फोटो काढू नका, काढले असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवू नका. पिस्तूल पिशवीत घालून स्कूटरवरून पोलिस ठाण्यात नेऊ नका, वाटेत नाकाबंदी लागली तर स्वतःहून आलो हे कुणाला पटणार नाही. साताऱ्यात फौजदारी काम करणारा वकील गाठा आणि त्याच्याकडून चार ओळींचा अर्ज लिहून घ्या: घर आवरताना जुनं शस्त्र आढळलं, आम्ही ते स्वेच्छेने जमा करत आहोत, आपण घरी येऊन पंचनामा करून ताब्यात घ्यावं. पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना द्या, प्रत पोलिस अधीक्षक कार्यालयात, आणि दोन्हीकडे आवक शिक्का घ्या. शस्त्र विनाविलंब जमा करण्याबद्दलच्या कलम २१ चा उल्लेख अर्जात असू दे. सरकारी पक्ष म्हणू शकेल की आबांचा ताबा कधी कायदेशीर नव्हताच, मग हे कलम कसं लागू? तो वाद पुढे घालता येईल.

अर्जावर सही कुणाची? काही वकील सांगतील, आबांनी सही करूच नये, राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण माझ्या मते या प्रकरणात सवलतीचा सगळा पाया ‘स्वतःहून’ या एका शब्दावर उभा आहे, म्हणून खाली तुमची आणि आबांची, दोघांची सही असावी. मात्र मोर्चातली हकिकत त्या अर्जात नको. ती वकिलामार्फत, योग्य वेळी, योग्य ठिकाणी सांगायची. अर्ज देण्याआधी सत्र न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचे कागद तयार ठेवा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात स्पष्ट आहे, पण शस्त्र कोणत्या प्रकारचं निघेल हे आज आपल्याला ठाऊक नाही.

वकिलाकडे जाताना आबांची डिस्चार्ज बुक, पेन्शन आदेश, पदकाचं प्रशस्तिपत्र आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या न्या. प्रशस्तिपत्राची मूळ प्रत कुणाला देऊ नका, दाखवून परत घ्या. आणि आबांनाही सोबत न्या, त्यांच्या वतीने तुम्ही बोलू नका.