बाळाचा विचार करतेयस? मग आत्तापासूनच

अगं, 'टेस्ट पॉझिटिव्ह आली की खाण्याकडे बघू' ही नव्या मुलींची नेहमीची चूक. गर्भाच्या जनुकांवरच्या मिथाइलच्या खुणा (बारीक रासायनिक चिकट्या) पाळी चुकायच्या आधीच नव्याने बसू लागतात. कुठलं जनुक किती चालणार, ते त्यांच्यावरही ठरतं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत जी बाळं पोटात राहिली, त्यांच्या आयजीएफ२ या वाढीशी संबंधित जनुकावर या खुणा साठ वर्षांनीही कमी सापडल्या. आपल्या मुंबईतही वस्त्यांमधल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ दिला, तर गरोदरपणातला मधुमेह कमी दिसला. खाऊ कसला, तर सामोशासारखाच!

तू सध्या एवढंच कर:

- फॉलिक ॲसिड डॉक्टरांना विचारून आजच सुरू कर.
- रोज एक पालेभाजी. दादरला उतरतेस ना, लाल माठाची जुडी घेऊनच घरी जा.
- लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको.

'दोन जिवांचं खा' म्हणत सासूबाई ताट भरतील, पण वजन भरमसाट वाढलेलंही बाळाला बाधतं. महागड्या पावडरी नि जनुकांच्या चाचण्या राहू देत. आणि हो, नवऱ्याची तंबाखू सोडव.