तलावाचं पाणी तपासून पोट भरेल का?

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. लेक बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला, इंदूरच्या सिरपूर तलावावर फिरायला गेली तेव्हा काठाशी हिरवा थर बघितला आणि तेव्हापासून एकच धरून बसलीये की पाण्यातलं शेवाळाचं विष शोधायचं काम करणार, आणि तुम्ही म्हणताय की त्यात पोट भरेल का, बँकेची परीक्षा दिलेली काय वाईट. काळजी कळते हो, पण तिला अडवू नका.

तो थर बऱ्याचदा सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या जीवाणूंचा असतो. सांडपाण्यातून नि खतातून फॉस्फरस, नायट्रोजन तलावात येतं, ऊन तापतं, पाणी साचलेलं असतं, की हे बेसुमार वाढतात. त्यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं विष करतात, ते लिव्हरला धरतं, आणि पाणी उकळून ते जात नाही! अमेरिकेत टोलेडो शहरात ऑगस्ट 2014 मध्ये एरी सरोवरातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात हेच निघालं, तेव्हा चार-पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं.

आता हिरवं दिसलं म्हणजे विष आहेच असं नाही, नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तर तपासणारी माणसं लागतात. डब्ल्यूएचओने पिण्याच्या पाण्यासाठी धरलेली मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सॅम्पल आणायचं, तीनदा गोठवून वितळवून पेशी फोडायच्या, मग एलायझाच्या, म्हणजे रंगावरून विष मोजणाऱ्या चाचणीच्या प्लेटवर लावायचं. त्यात रंग जितका फिका तितकं विष जास्त. पण ह्या विषाचे अडीचशेच्या वर प्रकार आहेत, नेमका कुठला ते एलसी-एमएस, म्हणजे पदार्थ वेगळे करून रेणूच्या वजनावरून ओळखणारं मशीनच सांगतं.

आणि ताई, पोटाचं उत्तर ह्या मशीनमध्येच आहे. पीथमपूरच्या औषध कंपन्यांना, अन्न तपासणाऱ्या लॅबना हेच मशीन चालवता येणारी माणसं हवी असतात, म्हणजे उद्या तलावाचं काम नाही मिळालं तरी हातातली विद्या वाया जात नाही. माझ्याकडे पर्यावरणात एमएस्सी झालेली मुलं येतात, मार्क छान, पण दोन वर्षांत मशीनला हात लागलेला नसतो, फार वाईट वाटतं. म्हणून डिग्रीचं नाव बघू नका, अॅडमिशन घ्यायच्या आधी एकच विचारा, विद्यार्थ्यांना मशीनवर स्वतः बसू देता का? ॲनालिटिकल केमिस्ट्री चांगली, आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. पुढे सीएसआयआर-नेट ह्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना महिना 37,000 रुपये मिळतात, आणि पाण्यावर काम करणारी नीरी ही संस्था नागपूरलाच आहे, फार लांब नाही.

बँकेची परीक्षा नंतरही देता येईल, जॅमचा अभ्यास मात्र आत्ताच धरायला हवा.

आणि येत्या रविवारी तिला परत तलावावर जाऊ द्या, पण हातमोजे घालून. एक काडी पाण्यात फिरवून बघायची, दोऱ्यासारखं लटकलं तर बहुतेक साधं शेवाळ, रंगासारखं माखलं तर सायनोबॅक्टेरियाची शक्यता जास्त. काचेच्या बरणीत पाणी आणून रात्रभर न हलवता ठेवायचं, सकाळी हिरवं वर तरंगलं तरी तोच संशय. बरणीवर तारीख, वेळ, जागा लिहायला सांगा, आणि काय दिसलं ते मला कळवा.